चित्रं पलंगाखाली साठतायत. ‘दिसत राहा’ म्हणजे नेमकं करायचं काय?

घाटावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात कलाशिक्षक आहे. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) झालं, मग नोकरी करता करता जी.डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका. शाळेत वर्षभर एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची पोरं, स्नेहसंमेलनाचे पडदे आणि कुणी साहेब येणार असले की स्वागताचा फळा. अक्षर चांगलं असणं हा या नोकरीतला शाप आहे. रविवारी आणि सुट्टीत मात्र जलरंग. वाईचे घाट, मेणवलीचा वाडा, कृष्णाकाठ, बाजाराच्या दिवशीचा एसटी स्टँड. यात खंड पडू दिलेला नाही. लग्न झालं, पोरगी झाली, वडिलांचं आजारपण झालं, रविवार सुटला नाही.

गेल्या पावसाळ्यात पुण्यात आम्ही काही शिक्षकांनी मिळून प्रदर्शन केलं. भाडं वाटून घेतलं. माझी दोन लहान चित्रं गेली, दोन्ही एका सहकाऱ्याच्या साडूने घेतली. तिथे एक तरुण मुलगा म्हणाला, “सर, इन्स्टावर या, रोज एक रील टाका.” एक ज्येष्ठ चित्रकार म्हणाले, “मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन केल्याशिवाय तुम्हाला कुणी चित्रकार म्हणणार नाही.” बायको म्हणते, आधी पलंगाखालचे गठ्ठे काढा, झुरळं होतात.

तर प्रश्न असा. चिकाटी आहे, ती कुणाकडून शिकायची नाही. पण ‘लोकांना दिसत राहा’ हा जो सल्ला सगळे देतात, तो मास्तरच्या पगारात आणि घराचा हप्ता चालू असताना कसा पाळायचा? हॉल भाड्याने घ्यायचा, स्पर्धांना पाठवायचं, की फोन घेऊन रील करत बसायचं? अनुभव असलेल्यांनी सांगावं.

उगाचच

मास्तर, रागावू नका. चिकाटीबिकाटी ही यशस्वी झालेल्यांनी मागाहून सांगायची गोष्ट आहे. ओळखी लागतात आणि घरचा पैसा लागतो. आणि दिसण्याचं म्हणाल तर चित्रकार गायतोंडे कुठे दिसायला जात होते? दार लावून बसायचे. २०१३ मध्ये ख्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं. व्हॅन गॉगची कथा तर शाळेतल्या पोरांनाही पाठ असते, हयातीत चित्रं खपली नाहीत, मेल्यावर जग वेडं झालं. मुळात चित्रात दम असेल तर जग येतं शोधत, नसेल तर रील करा नाहीतर ढोल वाजवा.

फ्रेमवाले_काका

मी चित्रकार नाही. सदाशिव पेठेत फ्रेमिंगचं दुकान आहे. वडील देवादिकांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो करायचे, मी चित्रकारांच्या नादी लागलो. चित्रातलं मला फारसं कळतं असा दावा नाही. पण कुणाची चित्रं एकदाच फ्रेमला आली आणि कोण दरवर्षी दिवाळी झाली की गठ्ठा घेऊन पायरी चढतो, हे मी काउंटरमागून बघत आलोय. त्यावरून बोलतो.

आधी उगाचच यांचं. गायतोंडे माणूस म्हणून गर्दीत नसायचे हे खरं, पण त्यांची चित्रं काही पलंगाखाली नव्हती. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ ला बाहेर पडले. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस. पुढे रॉकफेलरची फेलोशिप घेऊन न्यूयॉर्क. १९७१ ला पद्मश्री. मुंबईत त्यांची चित्रं लावणाऱ्या, विकणाऱ्या गॅलऱ्या होत्या. म्हणजे दार लावून बसण्याची चैन परवडावी म्हणून दाराबाहेर दुसरं कुणीतरी उभं होतं. आणि ते गेले २००१ मध्ये. ते २३ कोटी त्यांच्या खिशात गेले नाहीत.

व्हॅन गॉगचंही तेच. तो गेल्यावर भाऊ थिओही सहा महिन्यांत गेला. मागे राहिली भावजय, योहाना, कडेवर तान्हं पोर. त्या बाईने चित्रं सांभाळली, प्रदर्शनांना पाठवली, विकली, काही मुद्दाम विकली नाहीत. १९०५ ला ॲमस्टरडॅममध्ये मोठं प्रदर्शन लावलं, १९१४ ला व्हिन्सेंटने भावाला लिहिलेली पत्रं छापून काढली. जग शोधत आलं नाही हो, तिने वर्षानुवर्षं जगाच्या दारात नेऊन ठेवलं. मास्तर, तुमच्या घरी अशी भावजय असेल तर पुढचं वाचू नका.

नसेल तर ऐका. माझ्याकडे एक चित्रकार येतात, नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. बँकेत कॅशियर होते, आता निवृत्त. तुमच्यासारखेच जलरंगवाले. त्यांनी सुरुवातीपासून एक ठरवलं: चित्र हाफ इंपिरियल, म्हणजे १५ बाय २२ इंच, याच मापाचं. त्यामुळे फ्रेमा एकदाच केल्या. प्रदर्शन संपलं की न विकलेली चित्रं काढायची, फ्रेमा माळ्यावर, पुढल्या वर्षी त्याच फ्रेमांत नवी चित्रं. लोक भाड्याला घाबरतात, खरा खड्डा फ्रेमांचा असतो. एका प्रदर्शनाच्या वीस-पंचवीस फ्रेमा, आणि दरवेळी माप वेगळं असलं की माझा धंदा चांगला होतो, चित्रकाराचा दुसऱ्या वर्षी बंद पडतो. असे किती बंद पडलेले पाहिले! पहिलं प्रदर्शन वाजतगाजत, सोनेरी पट्टी, जाडजूड माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा), कॅटलॉग आर्ट पेपरवर. दुसरं नाहीच.

हे कॅशियरसाहेब दरवर्षी एकाच सुमारास, एकाच छोट्या कलादालनात लावायचे. पहिली काही वर्षं बँकेतले लोक आणि नातेवाईक, तुमच्या सहकाऱ्याच्या साडूंसारखे. पण त्यांची एक सवय बघा. दालनात अभिप्रायाची वही असते ना, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ लिहायची? माणूस सही करून गेला की हे त्याच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक लिहायचे, तो कुठल्या चित्रासमोर थांबला होता. ‘घाट, पाऊस.’ ‘तुळशीबाग, सकाळ.’ ‘कशासमोरच नाही, चहा.’ मी ती वही पाहिली आहे. पुढच्या वर्षी निमंत्रण सगळ्यांना सारखं जायचं नाही. आधी पोस्टकार्ड होतं, आता व्हॉट्सॲप. ‘मागच्या वेळी आपण घाटाच्या चित्रापाशी थांबला होतात, यंदा त्याच घाटाची पावसाळ्यातली तीन आहेत.’ एवढंच.

त्यात एक आर्किटेक्ट होते. पहिल्या वर्षी आले, बघून गेले. दुसऱ्या वर्षीही नुसतेच बघून गेले. मग केव्हातरी एक घेतलं, स्वतःच्या ऑफिसला. त्यानंतर त्यांच्या एका गिऱ्हाइकाने नवं हॉस्पिटल बांधलं तेव्हा कॉरिडॉरभर चित्रं लागणार होती. फोन कुणाला गेला असेल? त्या हॉस्पिटलच्या फ्रेमा मीच केल्या, म्हणून मला माहीत. आर्किटेक्टला पुण्यात कॅशियरसाहेबांपेक्षा चांगले जलरंगवाले माहीत नव्हते असं नाही. पण हा माणूस दरवर्षी असतो, उद्या फोन केला तर उचलेल, पंधरा चित्रं म्हटली तर पंधरा देईल, याची त्याला खात्री होती.

मला दिसलेलं दिसणं हे असं. हजार लोकांना एकदा दिसून फार काही होत नाही. दीडशे लोकांना दरवर्षी दिसा. चित्र घेणारा माणूस पहिल्या भेटीत घेत नाही, घरी जाऊन भिंत मोजतो, बायकोला विचारतो, विसरतो. पुढच्या वर्षी तुम्ही तिथे नसाल तर विषय संपला.

आता जहांगीर. १९५२ पासूनची ती जागा, तिचं वजन आहेच, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण तिथली वाट वर्षांत मोजतात. अर्ज टाकून ठेवा आणि कामाला लागा. तारीख मिळेपर्यंत काही करायचंच नाही असं ठरवून बसलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत. मिळाली तेव्हा आठवडाभर मुंबईला राहण्याचा खर्च, टेम्पो, फ्रेमा, आणि बोलवायला ओळखीचं एक माणूस नाही. आयुष्यभराचं दिसणं एका मंगळवार ते सोमवारात उरकायला गेले. त्याआधी स्पर्धात्मक प्रदर्शनं बघा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ ची, आणि कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन, त्यात व्यावसायिक कलाकारांचा वेगळा विभाग असतो. प्रवेश फी आणि एकदोन फ्रेमा एवढ्यात काम भागतं. नाकारतील. पुढच्या वर्षी पाठवा. हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवत होते, १९४७ ला बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं आणि तिथून चित्रकार सूझांच्या मंडळींशी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी, गाठ पडली. त्याच मंडळींतले आरा. लहानपणी पळून मुंबईत आले, घरगडी म्हणून राबले, गाड्या धुतल्या. टाइम्सचे कलासमीक्षक लेडन यांच्या नजरेला त्यांचं काम पडलं. नजरेला पडायला ते आधी कुठेतरी काढून ठेवलेलं असावं लागतं आणि रोज काढत असावं लागतं, एवढाच माझा मुद्दा.

एक शेवटचं, धंद्यातलं. चित्राची मागची बाजू! चांगल्या घरातल्या एक बाई जुनं चित्र घेऊन आल्या, माउंट पिवळा पडला होता, काचेच्या आत बुरशी. म्हणाल्या, याच चित्रकाराचं अजून एक हवंय, नव्या घरासाठी. मी फ्रेम उघडली. मागे काही नाही. सही होती, पण ती मराठीत की मोडीत तेही कळेना. चार चित्रकारांना फोटो पाठवले, कुणी ओळखलं नाही. बाईंनी शेवटी दुसऱ्याचं घेतलं. म्हणून मागे चित्राचं नाव, साल, माध्यम, स्वतःचं पूर्ण नाव आणि फोन, पेन्सिलीने कागदावर आणि पुन्हा बॅकबोर्डवर, म्हणजे फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर. फोन नंबर बदलू नका. हे फुकट आहे आणि दहातले आठ जण करत नाहीत.

शाईची_बाटली

काकांची वही आवडली. ‘कशासमोरच नाही, चहा’ या वर्गातले माझे पुष्कळ नातेवाईक आहेत.

इन्स्टाबद्दल मी सांगते, कारण मी त्यात बुडून वर आले आहे. मूळची फोंड्याची, आता ठाण्यात, पुस्तकांची आणि अंकांची चित्रं करते. मास्तर, रोज रील टाकायच्या नादात माझं एक असं झालं की चित्र कसं दिसेल याऐवजी चित्र काढताना हात कसा दिसेल याचा विचार सुरू झाला. ओला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ पाणीदार थर, पसरतो ते लोकांना आवडतं, म्हणून मी जिथे गरज नाही तिथेही ओले वॉश मारायला लागले. फॉलोअर वाढले. त्यातले बहुतेक माझ्यासारखेच रंगवणारे, ‘ब्रश कुठला’ विचारणारे. ब्रश कुठला विचारणारा चित्र घेत नाही, हे लिहून ठेवा.

मला कामं मिळाली ती छापील पानावरून. एका लहान मासिकात आतली रेखाटनं केली, मानधन न सांगण्यासारखं, आणि तेही तीनदा आठवण केल्यावर. पण ते पान एका संपादकबाईंनी पाहिलं, त्यांनी दिवाळी अंकाला बोलावलं. दिवाळी अंक वर्षभर लोकांच्या टीपॉयवर पडून असतो. पुढच्या दिवाळीला तिसऱ्या ठिकाणाहून फोन. आमच्या गोव्यात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल घ्या. त्यांनी १९४५ पासून स्वतःचाच ‘दीपावली’ अंक काढला, आणि मुखपृष्ठं तर किती प्रकाशकांची केली. कलादालनाची पायरी कधी न चढलेल्या माणसांनाही दलालांच्या चित्रातली बाई आणि दलालांची सही ओळखू यायची. माझ्या आजीच्या ट्रंकेत एक मुखपृष्ठ कापून ठेवलेलं होतं.

इन्स्टा बंद करा असं म्हणत नाही. मी आता ते दुकानाच्या पाटीसारखं ठेवलंय. नाव, शहर, ई-मेल, झालेलं काम, आठवड्याला एखादं. कुणी माझं नाव शोधलं तर सापडावं, बस. आणि फोटो दिवसाउजेडी, सरळ, काचेशिवाय काढा. तुमच्या त्या मेणवलीच्या घाटावर ट्यूबलाइटचा पट्टा दिसला तर काही अर्थ नाही.

उगाचच

काका, योहानाबाईंचं मान्य. भावजयीचं क्रेडिट दीराला गेलं हे आपल्याकडेही काही नवीन नाही.

पण तुम्ही सांगता ते कॅशियरसाहेब चाललेले आहेत. दरवर्षी नेमाने लावून, नेमाने वह्या लिहून जे बुडाले, त्यांचं काय? तेही तुमच्याच पायऱ्या चढले असतील ना?

फ्रेमवाले_काका

चढले. माझ्या माळ्यावर दोघांच्या फ्रेमा आहेत, पैसे दिलेले नाहीत आणि मी मागितलेले नाहीत.

प्रश्न बरोबर आहे तुमचा. एक तर असे पाहिले की चिकाटी होती पण ती एकाच चित्राची. बैलगाडी, सूर्यास्त, बैलगाडी. लोक थांबत नाहीयेत हे वहीत दिसत होतं, तरी पुढल्या वर्षी परत बैलगाडी. वहीचा उपयोग निमंत्रणापुरता नसतो, थोडा आरसा म्हणूनही करायचा असतो. कॅशियरसाहेबांनी देवळांची चित्रं याच वहीमुळे कमी केली, पावसाची वाढवली. काही जण म्हणतील ही तडजोड. असेल. त्यांना पाऊस आवडतोही.

दुसरे असे, की काम खरोखर चांगलं होतं आणि तरी चाललं नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान बघा. जे.जे.त नावाजलेला विद्यार्थी, शाहू महाराजांचा आश्रय, आणि कोटीतीर्थ तलावाच्या काठी एकटा माणूस चित्रं काढत राहिला. काढलं अपार, उरलं थोडं. आज जाणकार त्यांचं नाव आदराने घेतात, पण हयातीत त्यांना दुनियेने किती पाहिलं?

आणि दिसण्याला पैसे पडतात, हेही लपवू नये. रविवर्म्यांनी १८९४ ला मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. त्यामुळे त्यांची लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेली, माझ्या वडिलांनी त्या कितीतरी फ्रेम केल्या असतील. पण छापखाना त्यांना धंदा म्हणून झेपला नाही, कर्ज झालं, शेवटी विकून टाकावा लागला. रविवर्मा होते म्हणून निभावलं. मास्तरच्या पगारात तसलं काही करू नये. नोकरी सोडू नका, हॉलसाठी कर्ज काढू नका. कॅशियरसाहेब निवृत्त होईपर्यंत कॅशियर होते.

घाटावरचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. काका, गठ्ठे पलंगाखालून काढले. मापं बघितली तर बहुतेक पाव इंपिरियल, काही हाफ, आणि काही वाटेल तशी कापलेली. मागे नाव एकावरही नाही. आज पोरीला बसवलंय, ती तारखा विचारतेय आणि मी आठवतोय.

अजून एक अडचण आहे. भाव. गावातले लोक घरी येतात, म्हणतात, “मास्तर, प्रदर्शनात पाच हजार लावलं होतं ना, आपल्याला दोनात द्या.” नाही म्हणवत नाही. आणि गॅलरीवाल्यांना द्यायचं तर ते तीस-चाळीस टक्के, कुठे निम्मे घेतात म्हणे. मग भाव वाढवायचा का?

फ्रेमवाले_काका

भाव मापावर ठरवा आणि सगळीकडे एकच ठेवा. घरी पाच, गॅलरीत पाच. गॅलरीचं कमिशन त्या पाचातच धरायचं, ते वाढवून लावायचं नाही. नाहीतर ज्याने गॅलरीतून पाचला घेतलं त्याला कधीतरी कळतं की तुमच्या शेजाऱ्याकडे त्याच घाटाचं चित्र दोनला लागलंय. तो भांडायला येत नाही, फक्त परत येत नाही. वर्षातून एकदा थोडा वाढवा, कमी कधीच करू नका.

गावातल्यांना तोडू नका. त्यांच्यासाठी लहान माप करा, पोस्टकार्डाएवढं, हजार-पाचशेचं. ‘दोन हजारांत दोन येतील’ म्हणा. पंचायतीच्या सभापतींना फुकट द्यायची वेळ आली तर ते लहानच द्या. वेळ येणारच आहे.

शाईची_बाटली

आणि फुकट दिलेल्याच्या मागेही फोन नंबर लिहा. सभापतींच्या घरी लोक फार येतात.

घाटावरचा_मास्तर

हे पटलं. सध्या असं ठरवतोय: राज्य कला प्रदर्शनाची जाहिरात आली की दोन चित्रं पाठवायची. पुण्याच्या भाड्याचा विचार यंदा नाही. वाईतच एका ओळखीच्यांचा जुना वाडा आहे, ओसरी रिकामी असते. महाबळेश्वर-पाचगणीला जाणारे पर्यटक घाटावर थांबतात, दिवाळीच्या सुट्टीत तर रीघ लागते. तिथेच दरवर्षी लावायचं. वही आजच आणली, दोनशे पानी. हाफ इंपिरियलच्या बारा फ्रेमा करायच्या आहेत काका, साधी लाकडी पट्टी. काचेसकट किती पडतील आणि एसटीच्या पार्सलने येतील का?

फ्रेमवाले_काका

काचेसकट एसटीने पाठवणार नाही, तुम्ही म्हणालात तरी. पट्ट्या जोडून आणि माउंट कापून पाठवतो, काच वाईतच कापून घ्या, नाहीतर ॲक्रिलिक बसवा. ते थोडं महाग पडतं पण ओसरीवर वाऱ्याने खाली आलं तर पर्यटकाच्या पायात जाणार नाही. माउंटला पांढरट रंग सांगतो, आणि ॲसिड-फ्रीच घ्यायचा, त्यात काटकसर नको. माउंटची खिडकी चित्रापेक्षा चहूबाजूंनी दोन सूत (पाव इंच) आत येईल, म्हणजे सही कडेला असेल तर झाकली जाईल, तेवढं बघून ठेवा. हिशोब खासगी निरोपात टाकतो. दिवाळीला हव्या असतील तर दसऱ्याआधी सांगा, नंतर माझ्याकडे कॅशियरसाहेबांचं काम सुरू होतं.